मूळ प्रत एकच: वहीतल्या लेखनापासून ई-पुस्तकापर्यंत

वही हरवली की लेखकाला लगेच कळतं, कारण कपाटातली जागा रिकामी दिसते. फाइलचं तसं नसतं. नाव तेच, आकार तोच, पण उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. किंवा फाइल नीट उघडते, पण छपाईआधी केलेल्या शेवटच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात, त्या डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर राहिलेल्या असतात. लेखकाला डिजिटल कामात होणारे बरेचसे त्रास असेच असतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: मूळ प्रत कोणती, हे ठरलेलं नसतं.

ते आधी ठरवा. मूळ प्रत म्हणजे युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) टंकलेली एक फाइल, वर्डची किंवा लिब्रेऑफिसची. पीडीएफ, ई-पुस्तक, संकेतस्थळावरचा लेख, छापखान्याकडे गेलेली जुळणी, या सगळ्या तिच्या नकला. दुरुस्ती मूळ प्रतीत होते आणि तिथून नकलेत जाते. उलटं कधीच नाही. खालचं सगळं ही एक फाइल निरोगी कशी ठेवायची आणि तिच्यापासून बाकीचं कसं काढायचं, याबद्दल आहे.

टंकन: कोणता कळफलक

मोठं लेखन करायचं असेल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक शिका. पहिले दहा दिवस तो वैताग आणतो, हे खरं. पण त्याची रचना एकदा लक्षात आली की बोटं आपोआप चालतात: स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'के'वर क, शिफ्टसह ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. पाय मोडायची खूण 'डी'वर. ळ हवा असेल तर शिफ्टसह 'एन', ण हवा असेल तर शिफ्टसह 'सी'. रोज २० मिनिटं, स्वतःचाच जुना मजकूर समोर ठेवून, तीन-चार आठवडे सराव केला तर कळफलकाकडे न बघता लिहिता येतं.

रोमनमधून मराठी करणारे कळफलक पत्रं आणि छोट्या टिपणांसाठी ठीक आहेत. लांब मजकुरात त्यांचा त्रास असा की प्रत्येक शब्दाला सूचनांची यादी येते आणि डोळा वाक्यावरून उठून यादीवर जातो. शिवाय यंत्र नेहमीचा शब्द पुढे करतं. बोलीतला किंवा जुना शब्द यादीत नसतो, आणि घाईत त्याच्या जागी भलताच शब्द बसतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच काढा. पानाला ३०० शब्द धरले तर २०० पानांचं हस्तलिखित ६०,००० शब्दांचं होतं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास. रोज दोन तास बसलात तर २५ दिवस. दुसऱ्याकडून टंकून घ्यायचं असेल तर तपासणीसाठी यातला निदान तिसरा हिस्सा वेळ हाताशी ठेवा.

बोलून लिहिण्याची सोय गूगल डॉक्समध्ये आणि फोनच्या जीबोर्डमध्ये मराठीसाठी आहे. पहिला कच्चा खर्डा काढायला ती चांगली. पण गूगल डॉक्समध्ये मराठी बोलताना विरामचिन्हं हातानेच घालावी लागतात, विशेषनामं जवळजवळ नेहमी बिघडतात आणि न-ण, ऱ्हस्व-दीर्घ यांचा भरवसा नसतो. एका दमात सहा-सात शब्दांचे तुकडे बोला, परिच्छेद झाला की थांबा आणि लगेच दुरुस्त करा. दोन दिवसांनी आपण काय म्हणालो होतो ते आपल्यालाच आठवत नाही.

सारखी दिसणारी, पण वेगळी अक्षरं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य संचाला १२८ जागा आहेत. पडद्यावर एकच दिसणारं अक्षर त्यात दोन-तीन प्रकारांनी तयार होऊ शकतं. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. शोधयंत्राला, शुद्धलेखन तपासनिसाला आणि तुमच्याच 'शोधा आणि बदला' या सोयीला मात्र ते वेगळे शब्द असतात.

पहिलं अक्षर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला आडवा र. तो ऱ, पाय मोडायची खूण आणि पुढचं व्यंजन असा लिहायचा. इनस्क्रिप्टवर 'ऱ्या' असं निघतं: शिफ्टसह 'जे', मग 'डी', मग तिरप्या रेघेचं बटण म्हणजे य, मग 'ई' म्हणजे काना. साधा र घेतला तर रफार होतो आणि 'दुसर्या' उमटतं. तिसरा प्रकार म्हणजे साधा र, पाय मोडायची खूण आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला हा अगदी बरोबर दिसतो, आणि म्हणूनच तो फसवतो. एकाच कादंबरीत पहिला आणि तिसरा प्रकार मिसळले असतील तर 'दुसऱ्या' शोधल्यावर अर्धेच सापडतात.

हे सुधारताना 'र्या' सरसकट 'ऱ्या' करू नका. 'कार्यालय', 'पर्याय', 'मर्यादा' हे सगळे त्यात सापडतात आणि 'काऱ्यालय', 'पऱ्याय', 'मऱ्यादा' होतात. 'दुसर्या', 'सार्या', 'पायर्या', 'करणार्या' असे पूर्ण शब्द घेऊन एकेक बदला. न दिसणाऱ्या चिन्हाचं प्रकरण वेगळं. एका चुकीच्या 'र्‍या'ची नक्कल करून शोधपट्टीत टाका आणि बदलीच्या रकान्यात नीट टंकलेला 'ऱ्या' द्या. मात्र 'सगळे बदला' दाबण्याआधी पाच-सहा ठिकाणी 'पुढचा शोधा' करून बघा. काही प्रोग्राम शोधताना न दिसणारं चिन्ह धरत नाहीत, आणि मग पुन्हा 'काऱ्यालय'.

दुसरं, 'ॲप', 'ॲसिड' यांतला ॲ. युनिकोडमध्ये त्याला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीची सवय म्हणून बरेच जण अ लिहून त्यावर अर्धचंद्र देतात, काही कळफलक हिंदी वळणाचा ऍ देतात. तिन्ही वाचता येतात. तुम्ही स्वतंत्र ॲ वापरा आणि जुन्या फाइलमधले बाकीचे दोन्ही सरसकट बदला. इथे सरसकट बदलायला धोका नाही.

तिसरं, विसर्ग. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं टंकलेली असतात. छापात फारसं कळत नाही. पण यंत्राच्या लेखी शब्द तिथे तुटतो: शब्दावर दोनदा टिचकी मारली तर अर्धाच निवडला जातो, शोध चुकतो. शब्दांच्या मधली टिंबं सहज शोधता येतात. 'स्वत:', 'विशेषत:' यांसारख्या शेवटच्या टिंबांसाठी मात्र शब्दांची यादी करून बदला, कारण संवादात किंवा यादीआधी आलेला अपूर्णविराम खराही असू शकतो.

चौथं, द्ध. 'शुध्द', 'पध्दत', 'बुध्दी', 'प्रसिध्द' असं फार फाइलींमध्ये सापडतं. यात आधी ध आणि मग द आहे, म्हणजे क्रमच उलटा. मराठीत 'ध्द' असं जोडाक्षर येतच नाही, तेव्हा तो सरळ 'द्ध'ने बदलून टाका. 'हृदय'च्या जागी 'ह्रदय' हेही याच जातीचं.

शंका आली तर तपासायची युक्ती वर्डमध्येच आहे. अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. र चा ०९३०, ऱ चा ०९३१, विसर्गाचा ०९०३, ॲ चा ०९७२. अ वर अर्धचंद्र दिलेला असेल तर ०९७२ च्या जागी अर्धचंद्राचा ०९४५ दिसेल.

एक खास मराठी अडचण आणखी. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण दिसतं. म्हणून संपूर्ण मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. वळण तरीही हिंदीच दिसलं तर दोष फॉन्टमध्ये किंवा तो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. मराठीसाठीच घडवलेला तिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका वापरून बघा. दोन्ही मोफत आहेत, खुल्या परवान्याचे आहेत.

जुन्या फॉन्टमधली फाइल

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, योगेश, सुरेख. यांतल्या कुठल्याही फॉन्टमध्ये लिहिलेली जुनी फाइल तुमच्याकडे असेल तर तिच्यात खरं म्हणजे मराठी नाहीच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खिचडी. ती फाइल आज उघडत असेल तर आजच रूपांतर करा. तो फॉन्ट पुढच्या संगणकावर मिळेलच असं नाही.

क्रम असा ठेवा. आधी मूळ फाइलची नक्कल करून एका फोल्डरमध्ये बंद ठेवा, तिला हात लावायचा नाही. मग फाइलमध्ये नेमका कोणता फॉन्ट आहे ते बघा. श्रीलिपीची बरीच कुळं आहेत आणि त्यांची मांडणी एक नाही, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या साधनात तेच कुळ निवडावं लागतं. चुकीचं कुळ निवडलं तर बहुतेक मजकूर बरोबर येतो आणि काही जोडाक्षरं बदललेली निघतात. सगळंच चुकलं असतं तर निदान लगेच दिसलं असतं. तिसरं, एकाच पानाचं रूपांतर करून ते मुळाशी ओळ-ओळ ताडून बघा. ते स्वच्छ निघालं की उरलेलं प्रकरणाप्रकरणाने करा. अख्खी फाइल एकदम टाकू नका. मधे आलेले इंग्रजी शब्द आणि आकडेही देवनागरी समजून बदलले जातात, ते आधी खुणा करून बाजूला काढा.

चुका कुठे शोधायच्या हे ठाऊक असेल तर तपासणी निम्म्या वेळात होते. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने लिहायचे: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम आहे: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र व्यंजनाच्या आधी. रूपांतर म्हणजे ही अदलाबदल. जिथे जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र येतात तिथे यंत्राचा पाय घसरतो: 'स्थिती', 'व्यक्तिगत', 'अस्तित्व'. आणि जिथे रफाराबरोबर काना, वेलांटी, मात्रा किंवा अनुस्वार आहे: 'मार्गांनी', 'वर्षांत', 'दुर्मीळ', 'सर्वांचे'. हे शब्द आधी शोधा. एका वर्तुळात अडकलेली सुटी वेलांटी दिसली तर ती चूक हमखास आहे, कारण व्यंजन नसताना वेलांटी आली की ते वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ फक्त पडद्यावर दिसतं, मजकुरात नसतं, म्हणून शोधपट्टीत रिकामी जागा आणि तिच्यापुढे वेलांटी टाकून पूर्ण फाइल शोधून काढा.

पीडीएफमधून मजकूर उचलायचा विचार असेल तर अपेक्षा कमी ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात. आकार कोणत्या अक्षराचा आहे ही नोंद अपुरी असेल तर दिसायला सुबक पानातून तुटकी जोडाक्षरं बाहेर येतात. अशा वेळी पानं चित्र समजून त्यांचं अक्षरवाचन (ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखणं) करणं बरं.

कागदावरचं हस्तलिखित आणि छापील कात्रणं

छापील कात्रणांसाठी अक्षरवाचन चांगलं चालतं. पान इंचाला ३०० ठिपक्यांवर, करड्या छटेत स्कॅन करा. २०० च्या खाली गेलात तर अनुस्वार आणि रफार विरून जातात. फोनने टिपत असाल तर पान सपाट ठेवा, कॅमेरा समांतर धरा, सावली पडू देऊ नका. मग चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा, किंवा टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठीची भाषाफाइल घालून वापरा. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या तपासा. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी कापून दोन चित्रं करा, नाहीतर डाव्या स्तंभाच्या ओळीला उजव्याची ओळ जोडली जाते.

हस्ताक्षरासाठी हे करत बसू नका. स्कॅन जपून ठेवा, पण मजकूर टंकून किंवा वाचून दाखवूनच घ्या.

फाइल कशी बांधायची, कुठे ठेवायची

प्रकरणाचं शीर्षक ठळक आणि मोठं करून भागत नाही. त्याला वर्डमधली पहिल्या पातळीची मथळ्याची शैली ('हेडिंग १') द्या. उपशीर्षकाला दुसऱ्या पातळीची. पुढे अनुक्रमणिका, ई-पुस्तक, पृष्ठरचना सगळं याच शैलीवर उभं राहतं. परिच्छेदाची सुरुवात आत सरकवायची तर परिच्छेदाच्या मांडणीतून, टॅबने किंवा पाच रिकाम्या जागा देऊन नाही. नव्या पानासाठी पृष्ठभंग द्या, एंटर दाबत जाऊ नका. अक्षराचा आकार बदलूनही बदलत नसेल तर वर्डमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकाराची वेगळी नोंद असते, फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' हा भाग बघा.

नोटपॅडसारख्या साध्या साधनात जतन करताना सांकेतिकरण 'यूटीएफ-८' आहे ना, हे बघा. 'आन्सी' निवडलं गेलं तर प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि फाइल बंद केल्यावर ते परत आणता येत नाही.

नावासाठी एकच पद्धत: पुस्तकाचं छोटं नाव रोमन लिपीत, मग वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख. अशा फाइली आपोआप काळानुसार लागतात. 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरंच अंतिम' ही नावं ज्यांनी दिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येक पुनर्लेखनाच्या आधी नवी तारीख घालून नवी फाइल करा. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर इतिहासातल्या आवृत्तीला नाव द्या, कारण नाव न दिलेल्या आवृत्त्या यंत्र पुढे एकत्र करून टाकू शकतं.

प्रतींचा जुना नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. जागेची सबब नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एक संकेत तीन बाइट घेतो, तरी ५०,००० शब्दांचा नुसता मजकूर एक एमबीच्या आसपासच भरतो. आणि एक फरक मनात पक्का ठेवा: ड्राइव्हसारखी जुळवून घेणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतून ३० दिवसांनी कायमचं जातं. महिन्यातून एकदा फाइल उतरवून पेनड्राइव्हवर टाका आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडून बघितलेली प्रत हिशेबात धरू नका. खात्याला दुहेरी पडताळणी लावलीत तर सोबत मिळणारे पर्यायी संकेतांक कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला की तेवढाच दरवाजा उरतो.

संपादक आणि डीटीपी

संपादकाला फाइल वर्डमध्ये पाठवा, जोडीला तिचीच पीडीएफ. वर्ड काम करायला, पीडीएफ तुमच्याकडे पान कसं दिसत होतं ते कळायला. दुरुस्त्या 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवूनच मागा, म्हणजे कुठला स्वल्पविराम कोणी हलवला ते दिसतं.

जुळणीचं काम युनिकोडमध्ये होणार की जुन्या फॉन्टमध्ये, हे पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या. इनडिझाइन या पृष्ठरचनेच्या प्रोग्राममध्ये युनिकोड देवनागरी नीट दिसायला 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडावा लागतो. तो नसला की जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी बसतात. मग काही ठिकाणी मजकूरच श्रीलिपीत फिरवून घेतला जातो. त्याला हरकत घेऊन उपयोग नसेल तर दोन गोष्टी मागा. फिरवलेल्या मजकुराचं पूर्ण प्रूफ, कारण तुमची फाइल निर्दोष असली तरी रूपांतराने नव्या चुका घातलेल्या असतात. आणि प्रत्येक प्रूफावर केलेली दुरुस्ती त्याच दिवशी तुमच्या मूळ प्रतीतही करा. हे काम कंटाळवाणं आहे. टाळलं तर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापील पुस्तक समोर ठेवून पुन्हा सगळं ताडावं लागतं.

प्रूफ वाचताना मजकुराचा फॉन्ट आणि आकार बदला, किंवा कागदावर काढा. ओळी वेगळ्या जागी तुटल्या की नजरेला सवयीने न दिसणाऱ्या चुका दिसतात. एक वाचन कानाने करा: वर्डचं 'मोठ्याने वाचा' किंवा फोनचं मराठी वाचन. गळलेला आणि दोनदा आलेला शब्द कानाला झटकन कळतो.

शुद्धलेखनासाठी एआयची मदत घेत असाल तर दुरुस्त केलेला मजकूर मागू नका, चुकांची यादी मागा. पूर्ण मजकूर परत घेतला तर तो गुपचूप गुळगुळीत झालेला असतो: पात्राच्या तोंडची बोली प्रमाण होते, मुद्दाम तोडलेलं वाक्य जोडलं जातं. एका वेळी ५०० ते ८०० शब्दच द्या. तरीही मजकूर घेतलाच तर वर्डच्या 'कम्पेअर'ने दोन्ही फाइली ताडल्याशिवाय मूळ प्रतीत काही घालू नका.

ई-पुस्तक

ईपब म्हणजे संकेतस्थळाच्या पानांची एक गाठोडी. पानाची लांबी-रुंदी ठरलेली नसते, वाचक अक्षर मोठं करेल तसा मजकूर वाहतो. त्यामुळे पृष्ठक्रमांक आणि 'पान ४५ पाहा' असे उल्लेख काढून टाका, त्या जागी प्रकरणाचं नाव द्या.

मथळ्यांच्या शैली नीट दिलेल्या असतील तर कॅलिबर हा मोफत प्रोग्राम वर्डच्या फाइलमधून अनुक्रमणिकेसकट ईपब काढतो. एक खोच आहे. प्रकरण कुठे सुरू होतं हे ओळखायची त्याची मूळ मांडणी 'चॅप्टर', 'पार्ट' असे इंग्रजी शब्द शोधते. मराठी शीर्षकं प्रकरण म्हणून तिला ओळखता येत नाहीत. रूपांतराच्या 'स्ट्रक्चर डिटेक्शन' या भागात पहिल्या पातळीचा प्रत्येक मथळा म्हणजे प्रकरण, असं सांगा. पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी करा. ल आणि श चं वळण इथेही त्यावरच ठरतं.

फॉन्ट पुस्तकातच बसवा. काही वाचनयंत्रांत देवनागरी फॉन्ट नसतो आणि वाचकाला चौकोन दिसतात. मात्र खुल्या परवान्याचाच बसवा. संगणकासोबत आलेला फॉन्ट वाटायची परवानगी असेलच असं नाही. रचनेत तीन गोष्टी टाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करू नका, 'स्त्री'सारख्या शब्दात काही वाचनयंत्रं नेमकं जोडाक्षरच फोडतात. तिरका ठसा टाळा, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरा तिरका ठसा नसतो, यंत्र सरळ अक्षर नुसतं कलतं करतं. मुखपृष्ठ १६०० बाय २५६० पिक्सेलचं ठेवा.

तयार ईपब ईपबचेक या मोफत तपासनिसातून काढा. मग फोनवर, टॅबलेटवर आणि संगणकावर, लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या अक्षरात उघडून बघा. पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण, अनुक्रमणिकेतला प्रत्येक दुवा, आणि एक कविता असेल तर ती नक्की. ओळी मोडतात त्या कवितेतच.

वितरणाच्या अटी वाचताना 'फक्त आमच्याकडेच' या कलमाकडे बघा. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या ई-पुस्तकांच्या योजनेत पुस्तक घातलं की ९० दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही देता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. प्रकाशकाशी करार असेल तर छापील, ई-पुस्तक आणि श्राव्य हे हक्क वेगवेगळ्या कलमांत मागा, प्रत्येकाला मुदत घाला, आणि मुदत संपल्यावर अंतिम फाइल तुम्हाला परत मिळेल हेही लिहून घ्या. तोंडी ठरलेलं तीन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

संकेतस्थळावर देताना

मजकूर तोच, मांडणी वेगळी. अक्षर १६ ते १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. शीर्षकात वाचक शोधताना जो शब्द टंकेल तो हवा. काव्यात्म शीर्षक पाहिजेच असेल तर विषय सांगणारं उपशीर्षक जोडा. पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा. देवनागरी पत्ता पाठवताना बहुधा टक्केचिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांत उलगडून जातो आणि एका संकेताचे नऊ होतात. 'मराठी' या एका शब्दाची ४५ चिन्हं.

शब्दमर्यादा आणि अक्षरमर्यादा यांतही फसगत होते. यंत्र संकेत मोजतं, आपण अक्षरं मोजतो. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर, यंत्राला सहा. क्ष तीन. एक्ससारख्या (पूर्वीचं ट्विटर) ठिकाणी २८० च्या मर्यादेत जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य अपेक्षेपेक्षा बरंच आधी संपतं.

वाचकाने चूक दाखवली तर संकेतस्थळावर परस्पर सुधारायचा मोह होतो. आधी मूळ प्रत उघडा, तिथे सुधारा, फाइलला आजची तारीख द्या. मग लेख बदला, ईपब नव्याने काढा, ईपबचेक पुन्हा चालवा आणि जिथे जिथे चढवला आहे तिथे बदला. कुठे कुठे चढवला आहे त्याची यादी मूळ प्रतीच्याच फोल्डरमध्ये ठेवा.